उजळलेले तांबे, हरवलेली घटका

लग्नघरातील धांदल ऐन भरात आली असता, मंडपाच्या एका कोपऱ्यात पाण्याने भरलेल्या घंगाळावर दृष्टी खिळवून बसलेले जोशीबुवा ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले असतील, अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. त्या घंगाळात तांब्याची एक पातळ वाटी तरंगत असे. तिच्या बुडाशी सुईच्या अग्राएवढे भोक असे. त्यातून पाणी हळूहळू आत चढे, आणि वाटी भरली की क्षणार्धात तळाशी जाऊन बसे. वाटी बुडाली म्हणजे एक घटका, अर्थात चोवीस मिनिटे झाली. अशा साठ घटकांचे एक अहोरात्र. 'घटकाभर टेका', 'घटका भरत आली', 'घटका मोजत पडला आहे' असे आपण अजूनही बोलतो. पण या बोलण्याला जन्म देणारी वाटी मात्र देवघराच्या फडताळात, पळी-पंचपात्राच्या मागे, निनावी होऊन पडली आहे.

वाईच्या परिसरातील एका जुन्या घरात अशी एक वाटी मला पाहावयास मिळाली. ती इतकी लखलखीत होती, की कालच तांबटाने घडवली असावी. घरातील वृद्ध बाईंनी अभिमानाने सांगितले, "माझ्या सासूबाईंच्या आधीपासून दर दिवाळीला चिंच आणि राख लावून घासतो आम्ही, म्हणून तर अजून नवी दिसते बघा." त्यांच्या परवानगीने वाटी पाण्यावर सोडली आणि घड्याळ लावून बसलो. तीन वेळा सोडली. तिन्ही वेळा ती साडेबावीस मिनिटांच्या आसपास बुडाली. चोवीस मिनिटे मोजण्यासाठी घडवलेली वस्तू दीड मिनिट अगोदर का बुडावी? ज्या वस्तूची इतक्या निष्ठेने निगा राखली, तिच्याच मापात खोट कोठून यावी? जुनी वैज्ञानिक उपकरणे जतन करणे म्हणजे नेमके काय, हा प्रश्न या एका वाटीत सगळा सामावलेला आहे.

वाटी कशी बुडते

नदीवरील रिकामी होडी आणि माणसांनी भरलेली होडी यांतील फरक कृष्णाकाठच्या वाचकास सांगावयास नको. वजन वाढले की होडी पाण्यात अधिक खोल बसते. घटिकापात्राचेही तसेच आहे. वाटीच्या वजनामुळे बाहेरच्या पाण्याची पातळी आतल्या पातळीपेक्षा थोडी उंच राहते, आणि या उंचीतील फरकच पाण्याला भोकातून आत ढकलतो. वाटी जड असेल तर फरक मोठा, धक्का मोठा, आणि ती लवकर भरते. हलकी असेल तर सावकाश. दुसरी गोष्ट भोकाची. भोकाचे क्षेत्रफळ वाढले, की त्याच प्रमाणात पाणी अधिक वेगाने आत येते.

आता घासण्याचा विचार करावा. चिंचेतील आम्ल तांब्यावरचा काळसर थर विरघळवते, राखेचे कण तो खरवडून नेतात, आणि प्रत्येक दिवाळीला धातूचा एक अदृश्य पापुद्रा मोरीतून वाहून जातो. वाटी हलकी होते, म्हणजे तिने अधिक वेळ घ्यावयास हवा. परंतु भोकात क्षार साचला, राख अडकली, की कोणीतरी सुई घालून ते मोकळे करणार, आणि सुईच्या प्रत्येक वळशाबरोबर भोक किंचित रुंदावणार. म्हणजे तिने कमी वेळ घ्यावयास हवा. दोन चुका परस्परविरुद्ध दिशांनी ओढत असतात, आणि जिची सरशी होईल तिच्या बाजूला माप कलते. या वाटीत भोकाची सरशी झालेली दिसते. किती रुंदावले असेल ते? भोक एक मिलिमीटर व्यासाचे होते आणि सगळा फरक केवळ त्याच्या रुंदीतूनच आला असे धरले, तर हिशेबाने व्यास वाढला तो सुमारे ०.०३ मिलिमीटर. माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही हे कमी आहे. केसाच्या निम्म्या जाडीवर एका यंत्राचा सच्चेपणा अवलंबून असतो, ही जाणीव झाल्यावाचून कोणीही जुन्या उपकरणाला फडके लावू नये, असे मला मनापासून वाटते.

आणि तरीही वर 'धरले तर' असे म्हणावे लागले, कारण वाटी नवी असताना किती वेळात बुडत होती, तिचे वजन किती होते, हे सांगणारा कागद उपलब्ध नाही. आपल्या प्राचीन ज्योतिषग्रंथांत घटिकापात्राची मापे दिलेली आढळतात. तांबे किती पळे असावे, भोक किती वजनाच्या आणि किती लांबीच्या सोन्याच्या सुईने पाडावे, येथवर तपशील आहे. सिद्धांतशिरोमणीकर्त्या भास्कराचार्यांनी मात्र इ. स. ११५० च्या सुमारास हा सारा खटाटोप अव्यवहार्य ठरवून बाजूला सारला. वाटी कशीही घडवा, एका अहोरात्रात ती किती वेळा बुडते ते मोजा, आणि अहोरात्राला त्या संख्येने भागा; येईल ते त्या वाटीचे माप, असा त्यांचा सोपा आणि अचूक मार्ग. आजचे वैज्ञानिक या क्रियेला अंशशोधन म्हणतात: उपकरण जे दाखवते आणि जे वास्तविक आहे, त्या दोहोंतील नाते पडताळून लिहून ठेवणे. हे नाते लिहिलेले नसेल, तर उपकरण केवळ एक सुबक भांडे उरते.

मिरजेच्या घोडीवरून

समजल्यावाचून उपकरणाला हात लावू नये, हे तत्त्व ज्यांना शिकवावे लागणार नाही असे कारागीर सांगली जिल्ह्यातच, मिरजेत, पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांना पाणी आणि धार देणाऱ्या शिकलगारांचा धंदा ओसरू लागला, तेव्हा फरीदसाहेबांसारख्या कल्पक कारागिरांनी सतार-तंबोरे घडवण्याचा उद्योग उभा केला. तेथील सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तंबोऱ्याच्या तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या पृष्ठाला अत्यंत सूक्ष्म असा उतार असतो. त्याला जवारी म्हणतात, आणि तंबोऱ्याचा तो भरदार झंकार त्या उतारातून निघतो. अजाण हाताने घोडी कानशीने गुळगुळीत केली तर ती दिसावयास सुंदर होईल, पण तंबोरा मुका होईल. वैज्ञानिक उपकरणालाही अशी एक जवारी असते. ती कोठे आहे हे समजल्यावाचून हात लावणे म्हणजे तिचा बळी देणे होय.

मामलेदार कचेरीतील पाऊस

पुष्कळ उपकरणांची जवारी उपकरणात नसून त्याच्या जोडीदारात असते, आणि हे पटवून देण्यास पर्जन्यमापकाइतके साधे उदाहरण दुसरे नाही. तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरीच्या आवारात, कुंपण घातलेल्या जागेत, हे नळकांडे पुष्कळांनी पाहिलेले असते. 'आज दहा मिलिमीटर पाऊस झाला' याचा अर्थ, पडलेले पाणी वाहून, मुरून वा आटून न जाता सपाट जमिनीवर तसेच साचून राहिले असते, तर त्याची खोली दहा मिलिमीटर भरली असती. नळकांड्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ शंभर चौरस सेंटिमीटर असेल, तर एक मिलिमीटर पावसाने त्यात दहा मिलिलिटर पाणी जमते. तोंड दोनशे चौरस सेंटिमीटर असेल तर वीस. जमलेले पाणी ज्या काचेच्या मोजपात्रात ओततात, त्यावरील रेघा या हिशेबानेच आखलेल्या असतात. ही दोन्ही प्रकारची उपकरणे आपल्याकडे वापरात आहेत. त्याआधी पाच इंच व्यासाचे सायमन्स यांच्या पद्धतीचे पर्जन्यमापक होते आणि त्याचे मोजपात्र आणखी निराळे.

काच फुटते, ती फुटण्यासाठीच जन्माला आलेली असते. समजा, शंभर चौरस सेंटिमीटरच्या नळकांड्याचे मोजपात्र फुटले आणि शिपायाने अडगळीतून दोनशेचे काढून आणले. त्या दिवसापासून त्या तालुक्यात कागदोपत्री निम्माच पाऊस पडू लागेल. महाबळेश्वरी, जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्याही वर पाऊस कोसळतो, तेथे असा घोटाळा ताबडतोब ध्यानात येईल. पण माण, आटपाडी किंवा जत येथे, जेथे पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते, तेथे त्यालाच कोणी दुष्काळ समजेल. म्हणून संग्रहात नुसते नळकांडे आणून ठेवणारा माणूस अर्धेच उपकरण आणतो. मोजपात्र हवे, दोहोंची मापे हवीत, आणि मोजपात्र कोणत्या तारखेस बदलले याची नोंद असलेली वही तर हवीच हवी.

जोडी तुटू न देण्याचा एक अनुकरणीय दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे नियमित मापन चालू होते. शहरात विजेवर चालणारी ट्राम येणार, आणि तिच्या प्रवाहाने चुंबकसुया विचलित होणार, हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारवली. तिच्या इमारतीत लोखंड येऊ नये म्हणून दगडही पारखून घेतला. परंतु त्यांच्या दूरदृष्टीची खरी खूण पुढेच आहे. १९०४ पासून १९०६ पर्यंत, सुमारे दोन वर्षे, कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. त्यामुळे जुन्या आकड्यांचे नव्या आकड्यांशी नाते जुळले आणि सहा दशकांहून जुनी मालिका खंडित न होता पुढे चालू राहिली. निवृत्त होणाऱ्या कारकुनाने नव्याला शेजारी बसवून दप्तर समजावून द्यावे, त्यातलाच हा प्रकार.

कोयनेच्या पोटातील साक्षीदार

सातारा जिल्ह्याच्या मातीत घडलेली, आणि जगाच्या विज्ञानात कायमची जाऊन बसलेली अशी उपकरणाची एक कथा आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता सुमारे ६.३ होती, गाढ झोपेत असलेली शेकडो माणसे मृत वा जखमी झाली. १०३ मीटर उंचीच्या धरणाला, त्याच्या मागील उतार जेथे बदलतो त्या पातळीच्या आसपास, तडे गेले. त्या वेळी धरणाच्या १-अ या खंडातील बोगद्यात एक उपकरण बसवलेले होते. इतिहासात त्याचे नाव भूकंपापेक्षा कमी घेतले जाते, आणि ते मला योग्य वाटत नाही.

त्याला त्वरणलेखक म्हणतात. त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर. एस. टी. च्या गाडीत उभे राहून प्रवास करणाऱ्यास त्याची ओळख आहे: गाडी एका वेगाने चालली असता आपण स्वस्थ उभे असतो, चालकाने करकचून ब्रेक दाबला की पुढे झोकांडतो. शरीर आपली पूर्वीची गती सोडावयास तयार नसते. यालाच जडत्व म्हणतात. आपण किती झोकांडलो यावरून ब्रेक किती जोराचा होता हे सांगता येईल. त्वरणलेखकातही असाच एक 'प्रवासी' असतो: स्प्रिंगला जोडलेले एक लहानसे वजन. जमीन हलली की वजन मागे रेंगाळते, त्याला जोडलेला चिमुकला आरसा कलतो, आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशकिरण पुढे सरकणाऱ्या छायाचित्रणाच्या कागदावर वेडीवाकडी रेघ ओढतो. उभी हालचाल एक आणि आडव्या दोन, अशा तीन दिशांसाठी तीन वजने असतात.

पण पाळण्याला एक झोका दिला की तो बराच वेळ हलत राहतो. हे वजनही तसेच हलत राहिले, तर कागदावर जमिनीचे हलणे न उमटता पाळण्याचेच उमटेल. म्हणून त्याच्या हेलकाव्याला मुद्दाम आवर घालतात. काही उपकरणांत दाट तेलाने, काहींत लोहचुंबकाच्या साहाय्याने. यास अवमंदन म्हणतात: पाण्यात उभे राहून हात हलवताना जो अडसर जाणवतो, तसे काहीसे. आणखी एक व्यवस्था अशी, की हे उपकरण एरवी निद्रिस्त असते. रात्रंदिवस कागद फिरवला तर तो निष्कारण संपून जाईल. म्हणून एक हलका लोलक पहारेकऱ्यासारखा जागा ठेवलेला असतो. पहिला हिसका बसला की तो दिवा आणि कागद सुरू करतो. म्हणजे पहारेकरी सावध होऊन कंदील पेटवीपर्यंतचा क्षण कागदावर कधीच उमटत नाही. नोंद वाचणाऱ्याने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

त्या पहाटेच्या नोंदीवरून पुढे ठरले ते असे, की धरणाच्या लांबीच्या दिशेने त्वरण गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट, प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट इतके उसळले होते. कोयनेच्या या तीन रेघा जगभरच्या अभियंत्यांनी आपापल्या गणितांत घेतल्या आहेत. काँक्रीटचे धरण भूकंपात कसे वागेल हे तपासावयाचे झाले, की आजही कोयनेची नोंद काढतात. आता विचार करावा: कागदावर रेघ इतके मिलिमीटर वर गेली, एवढेच आपल्या हाती असते, आणि वजन किती, स्प्रिंग किती ताठ, अवमंदन किती, एका गुरुत्वत्वरणाला रेघ किती सरकते, कागद दर सेकंदास किती पुढे जातो, हे कोणी लिहून ठेवले नसते, तर ०.६३ हा आकडा कोठून आला असता? किडकिडीत मुलगा आणि धिप्पाड गडी एकाच ब्रेकला सारखे झोकांडत नाहीत. प्रवासी कोण होता हे ठाऊक असल्यावाचून ब्रेकचा जोर सांगता येत नाही. दोनशे वर्षांनी एखाद्या अभ्यासकास ही नोंद पुन्हा तपासावीशी वाटली, तर त्याला कागद, उपकरण आणि उपकरणाचे स्थिरांक अशी तिन्ही हवीत. यांतील एक जरी निसटले तरी उरलेली दोन मुकी होतात.

ही कथा भूतकाळात संपत नाही. वारणेचे धरण भरू लागल्यानंतर १९९३ पासून शिराळ्याच्या बाजूसही धक्के जाणवू लागले. कोयना-वारणेचा हा पट्टा जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांच्या अभ्यासाचे जगातील एक मुख्य क्षेत्र ठरला आहे. कराडजवळ हजारमाची येथे केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा असून, त्या संशोधनासाठी गोठणे येथे तीन किलोमीटर खोल विवर खोदले गेले. आज त्या कामी जी उपकरणे वापरली जात आहेत, ती उद्याची 'जुनी उपकरणे' होत. त्यांचे स्थिरांक आजच बासनात बांधून ठेवणे सोपे; पन्नास वर्षांनी ते शोधणे महाकठीण.

ओल, घाम आणि कपाट

आता वस्तूंच्या शरीराकडे वळू. शाळेत रासायनिक तराजू हाताळलेल्या प्रत्येकास वजनपेटीतील चिमटा आठवत असेल. गुरुजी वजनांना बोट लावू देत नसत. हाताच्या घामात मीठ असते. पितळेवर बोट टेकले, की ते मीठ पावसाळी हवेतील ओल खेचून घेते आणि काही महिन्यांनी तेथे बोटाच्या ठशाचा काळा डाग धातूत कोरला जातो. जुन्या उपकरणकारांनी म्हणूनच पितळेवर लाखेच्या रोगणाचा सोनेरी पापुद्रा चढवलेला असे. बाजारी पॉलिशने आपण काढतो तो 'मळ' बहुधा हा पापुद्राच असतो, आणि त्याच्याबरोबर अंशांच्या बारीक रेघांची धारही बोथट होते. भिंगांचा शत्रू बुरशी. महाबळेश्वर-पाटणच्या पावसाळ्यात कातडी पेटीत बंद ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. ती बुरशी आम्ल सोडते आणि काच कायमची खाते. वायुभारमापकातील पारा तर जपून वागवण्याची चीज आहे: तो विषारी खराच, शिवाय सांडला तर पितळेशी आणि सोन्याशी एकजीव होतो.

ज्याचा संशय येणार नाही असा एक शत्रू म्हणजे लाकडी कपाट. काही लाकडांतून, विशेषतः ते बंद असता, आम्लयुक्त वाफा सुटतात. त्यांनी शिशाची वजने पांढऱ्या भुकटीत रूपांतरित होतात. कपाटाला हवा खेळती ठेवणे म्हणूनच आवश्यक.

आणि तरीही सर्वांत मोठा अपकार करतो तो बदल. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकते, उन्हाळ्यात फटी पडतात, हे आपण घरी पाहतो. उपकरणाच्या पेटीचे लाकूड असेच फुगते-आकसते, पण तिच्यात बसवलेला पितळेचा स्क्रू त्याच्याबरोबर येत नाही. आणि लाकूड त्या स्क्रूपाशी फाटते. हवेतील आर्द्रता निम्म्याच्या आसपास आणि मुख्यतः स्थिर राखणे, हा यावरचा उपाय. सांगलीजवळच्या हरिपूरच्या हळद-व्यापाऱ्यांना हे तत्त्व फार पूर्वी उमगले होते. जमिनीत खोल खणलेल्या पेवांमध्ये हळद वर्षानुवर्षे टिकत असे, कारण वरच्या उन्हापावसाचा चढउतार तेथवर पोचत नसे. मात्र उपकरणांसाठी पेवाचा मोह धरू नये. २००५ आणि २०१९ चे महापूर ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना सांगलीतील संग्रहाची पहिली अट मी सांगावयास नको: तळमजला वर्ज्य.

जखमही पुरावाच

विल्यम लॅम्ब्टन यांच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणातील प्रचंड थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, वजनाला सुमारे अर्धा टन आणि त्याचे चक्र छत्तीस इंच व्यासाचे. १८०८ साली तंजावरच्या देवालयाच्या शिखरावर ते चढवीत असता आधाराचा दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याचे चक्र वाकले. लॅम्ब्टन सहा आठवडे तंबूत बसून राहिले आणि त्यांनी ते चक्र कणाकणाने पूर्वस्थितीस आणले. पुढे लॅम्ब्टन यांचे उत्तराधिकारी एव्हरेस्ट यांच्या काळात त्याची मोठी दुरुस्ती झाली. आर्काटहून आलेल्या सय्यद मीर मोहसीन हुसेन यांच्यासारख्या हिंदी कारागिराने त्या काळी सर्वेक्षणाची यंत्रे सांभाळली. आता ते यंत्र डेहराडूनला आहे. कोणी त्याला 'नव्यासारखे' करू म्हटले तर त्याला हात जोडावेत. त्या डागडुजीच्या खुणा पुसल्या, तर १८०८ नंतर घेतलेल्या प्रत्येक कोनाच्या विश्वासार्हतेचा पुरावाच पुसला जाईल. संवर्धकाचा शिरस्ता म्हणून असा आहे, की जे करावे ते पुन्हा उलगडता यावे, आणि जे केले ते लिहून ठेवावे.

फेरिस्त आणि निर्लेखन

कागद सांभाळण्याची विद्या या मुलखाला नवी नाही. सातारचे दत्तात्रेय बळवंत पारसनीस यांनी नाना फडणिसांचे मेणवलीचे दप्तर आणि असंख्य ऐतिहासिक कागद जमवून १९२५ साली साताऱ्यात संग्रहालय उभे केले. त्यांच्या निधनानंतर, १९३९ मध्ये, तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेची, १९१४ क्रमांकाची, भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याच्या प्रवेशाची ओळ आजही वाचता येते. कारण कोणा अनाम कारकुनांनी ती वही पिढ्यान्‌पिढ्या रद्दीत जाऊ दिली नाही.

उपकरणांच्या वाट्याला हे भाग्य क्वचित येते. शाळा-महाविद्यालयांत प्रत्येक उपकरणाची नोंद जडवस्तू संग्रह नोंदवहीत असते. उपकरण निकामी ठरले की समिती बसते, निर्लेखनाचा ठराव होतो, आणि ते किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे जाते. पितळेला भाव असतो, म्हणून पितळी उपकरण आधी जाते. एका गावी अशा ढिगात मी एक स्पर्शज्या गॅल्व्हनोमीटर पाहिला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातील होकायंत्राच्या सुईवरून विजेचा प्रवाह मोजण्याचे साधन. त्याच्या लाकडी बैठकीखाली कोणी शिक्षकाने चाकूच्या टोकाने वेटोळ्यांची संख्या आणि एक वर्ष कोरून ठेवले होते. मी पैसे घेऊन परत जाईपर्यंत तो ढीग तराजूवरून टेम्पोत चढला होता. ती कोरलेली अक्षरे अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

चौकट : घरात वा शाळेत जुने उपकरण सापडले तर

घासू नका, तेल घालू नका, फिरणारा भाग जबरीने फिरवू नका. आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत चहूबाजूंनी छायाचित्रे घ्या; तळाचे आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूचेही घ्या, कारण लिहिलेले बहुधा तेथे सापडते.

सुटे भाग, फुटकी काच, किल्ली, चिठ्ठी, एकाच पिशवीत उपकरणासोबत बांधा. आज निरुपयोगी वाटणारा स्क्रू उद्या ओळख पटवतो.

ते कोणी, कशासाठी, कोठे वापरले, हे ठाऊक असलेल्या वृद्ध माणसाकडून ऐकून त्याच दिवशी लिहा. वस्तू वाट पाहू शकते, माणूस पाहू शकत नाही.

पारा असल्यास पेटी हलवू नका, जाणकारास बोलवा. निर्लेखनाच्या यादीत जुने उपकरण दिसल्यास लिलावापूर्वी विभागप्रमुखांस लेखी कळवा.

वाईच्या त्या घरी मी पुढल्या खेपेस सोनाराकडचा काटा घेऊन गेलो. बाईंनी वाटी देवघरातून काढून दिली आणि स्वतःच चिमट्याने पारड्यात ठेवली. वजन लिहिले, भोकाचे भिंगातून छायाचित्र घेतले, आणि उकळून निवविलेल्या पाण्यात पुन्हा तीन वेळा वाटी सोडली. भास्कराचार्यांच्या रीतीने हिशेब मांडला, तर ही वाटी अहोरात्रात साठ वेळा न बुडता चौसष्ट वेळा बुडते. तो आकडा, तारीख, पाण्याचे तापमान, आणि 'यापुढे घासू नये' एवढे शब्द एका जाड कागदावर लिहून आम्ही तो वाटीखाली ठेवला. बाईंनी कागद उचलला, चष्मा लावून सावकाश वाचला, आणि खाली आपल्या सासूबाईंचे नाव लिहावयास सांगितले, म्हणाल्या, "तिच्या वेळी ही कशी बुडायची ते मी पाहिलंय. एका घटकेत तिचं विष्णुसहस्रनाम पुरं होऊन वर चार श्लोक व्हायचे." तेही लिहिले.